आधार कोठे आहे?



इतिहासाच्या पुस्तकात पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत काही ओळी छापलेल्या असतात. बहुतेक वाचक त्या ओलांडून पुढे जातात. कोणाला वाटते, ही पंडितांची आपापसांतली बोली असावी. कोणाला वाटते, पुस्तक जाड दिसावे म्हणून केलेली ही भरती असावी. आज मी बोलणार आहे ते या बारीक ओळींविषयी. तळटीप, संदर्भ, आधारग्रंथांची यादी या गोष्टी आपल्याकडे कशा आल्या, त्यांच्यासाठी कोणी कष्ट उपसले आणि आपल्यासारख्या साध्या माणसांचा त्यांच्याशी काय संबंध, हा माझा विषय आहे.

मी कॉलेजात गेलेला माणूस नाही. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. परंतु संदर्भाचे महत्त्व मला ग्रंथालयाच्या आधी औद्योगिक न्यायालयात कळले. तेथे कामगाराने "मी दहा वर्षे नोकरीत होतो" असे छातीवर हात ठेवून सांगितले तरी त्याला किंमत नसते. हजेरीपटाचा उतारा, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीची पावती असे काही हातात लागते. प्रत्येक कागदावर निशाणी क्रमांक पडतो. मग वकील म्हणतो, "निशाणी चौदा पाहावी," आणि समोरच्या पक्षालाही तोच कागद उघडावा लागतो. त्या क्षणी मालक आणि मजूर एकाच कागदापुढे समान होतात. माझ्या मते तळटीपेचे सारे तत्त्व या एका "निशाणी चौदा" मध्ये आहे. मी म्हणतो म्हणून मानू नका. कागद येथे आहे, तुम्हीच वाचा.

आपली जुनी रीत

ही कल्पना साहेबाने आणली असे समजू नये. संस्कृतातील थोर टीकाकार मल्लिनाथ याने, मूळ आधारावाचून आपण काही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञाच केली होती. ऋग्वेदाचे दहावे मंडल, नव्वदावे सूक्त असे म्हटले की पुरुषसूक्त कोणत्याही प्रतीत सापडते. ज्ञानेश्वरीचा अध्याय आणि ओवी सांगितली की नेवाशाचा वारकरी आणि पुण्याचा प्राध्यापक एकाच ठिकाणी येतात. छापखाना नव्हता, पानांचे आकडे नव्हते, तेव्हाची ही सोय होय.

मात्र या सोयीलाही मर्यादा आहे. तुकोबांच्या गाथेत अभंगाचा क्रमांक एका आवृत्तीत एक असतो, दुसरीत दुसरा. म्हणून नुसता अभंग क्रमांक देऊन भागत नाही. गाथा कोणती हेही सांगावे लागते. संदर्भशास्त्रातला पहिला धडा हाच आहे: क्रमांक देताना तो कोणत्या प्रतीतला, हे सांगितलेच पाहिजे.

युरोपात पियेर बेल याने १६९७ साली काढलेल्या कोशात तळटीपा मूळ मजकुरापेक्षा मोठ्या झाल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रांके याने मूळ कागदपत्रांवरून इतिहास लिहिण्याची शिस्त रुजवली. आपल्याकडे ही शिस्त आली ती एका भांडणातून.

ग्रँट डफ आणि त्याचे टीकाकार

१८२६ साली जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध झाला. डफ हा साताऱ्याचा इंग्रज अधिकारी. त्याला जे कागद पाहावयास मिळाले ते नंतर क्वचितच कोणाला मिळाले असतील. त्याने तळटीपाही दिल्या. परंतु त्यांतल्या अनेकांत "मराठी हस्तलिखित" एवढेच नाव. काही नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे त्याने नमूद केले. पुढच्या पिढीतील अभ्यासकांना त्या तेथे मिळेनात. म्हणजे निशाणी क्रमांक आहे, पण फायलीत कागद नाही.

या इतिहासावर पहिला जाहीर आक्षेप घेतला तो नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने. त्याची टीका १८६८ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त छापून आली. राज्यकर्त्याच्या ग्रंथाला एका विद्यार्थ्याने "तुमचा आधार काय?" असे विचारावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यानंतर दहा वर्षांनी, १८७८ साली, काशिनाथ नारायण साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक सुरू केले आणि जुन्या बखरी व पत्रे छापण्यास आरंभ केला. वाद करावयाचा तर आधी कागद लोकांपुढे ठेवले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले.

राजवाड्यांचे लेखांक

१८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. १७५० ते १७६१ या, म्हणजे पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रे त्यात आहेत. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. गावोगाव पायी हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाळवी लागलेल्या दप्तरांतून हा माणूस कागद गोळा करीत राहिला.

मला येथे त्यांच्या एका साध्या कृतीकडे लक्ष वेधावयाचे आहे. प्रत्येक पत्राला क्रमांक दिला गेला. त्याला ‘लेखांक’ म्हणतात. लेखांक पडल्यामुळे "राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक" एवढ्या चार शब्दांत महाराष्ट्रातला कोणताही शिक्षक त्या पत्रापाशी पोचू लागला. जे पत्र एका घराण्याच्या पेटीत बंद होते ते सर्वांचे झाले. जमिनीचे वाटप आपण ऐकले आहे. हे कागदाचे वाटप होते.

१९१० साली राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले. पुण्याच्या त्या दप्तरखान्यात कागद रुमालांत बांधलेले आहेत. म्हणून तेथला आधार देताना दप्तराचे नाव आणि रुमालाचा क्रमांक द्यावा लागतो. पाश्चात्त्य नियमपुस्तकात ‘रुमाल’ हा शब्द मिळावयाचा नाही, पण आपल्या संशोधकाला तो टाळता येत नाही.

आपल्या अगदी समोरची गोष्ट सांगतो. गोदावरीच्या पलीकडे चांदोरी आहे. तेथल्या हिंगणे घराण्याने दिल्लीच्या दरबारात पेशव्यांची वकिली केली. त्या घराण्याची पत्रे ग. ह. खरे यांनी संपादून ‘हिंगणे दप्तर’ या नावाने प्रसिद्ध केली. पहिला खंड १९४५ साली मंडळाने छापला. आज अठराव्या शतकातल्या दिल्लीवर जगात कोठेही कोणी बारकाईने लिहू लागला, तर त्याला या दप्तराची दखल घ्यावी लागते. पूल ओलांडून पायी जाता येईल अशा गावातल्या घराण्याचे नाव परदेशी विद्यापीठातल्या पुस्तकाच्या तळटीपेत येते, ते कागद जपले गेले, त्यांना क्रमांक मिळाले आणि ते छापले गेले म्हणून.

तारखेचा घोळ

आता थोडे कष्टाचे सांगतो. जुन्या पत्रावर पुष्कळदा वर्ष नसतेच. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे एक आकडा आणि मुसलमानी महिन्याचे नाव, एवढाच मजकूर. कोठे वर्ष असले तर ते अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. मिळून सुहूर सन ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो, म्हणून ११६१ म्हणजे १७६० चा पावसाळा ते १७६१ चा उन्हाळा. पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, या सनात पडते. शक असेल तर ७८ मिळवावे, पण पौषापासून फाल्गुनापर्यंत बहुधा ७९. एवढा हिशेब करून संपादक पत्राच्या डोक्यावर इंग्रजी तारीख घालतो. आणि प्रामाणिक संपादक ती चौकटी कंसात घालतो, कारण ती मूळची नसून त्याने ठरवलेली असते.

या बारीकसारीक कामाचे मोल केवढे, याचे उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांची जन्मतिथी. बखरींच्या परंपरेने ती शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया अशी चालत आली होती. कारी गावच्या जेधे देशमुखांकडे एक शकावली होती. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात तिथी निघाली शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. पुढे कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ स. म. दिवेकरांनी १९२७ साली प्रसिद्ध केले; त्यातही तीच तिथी. वाद मात्र शमला नाही. १९६६ साली राज्य शासनाने इतिहासकारांची समिती नेमली आणि अखेर २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने स्वीकारली.

येथेही एक बारीक गोष्ट आहे. ही १९ फेब्रुवारी जुन्या इंग्रजी, म्हणजे जूलियन पंचांगाची. आज आपण जे ग्रेगोरियन कॅलेंडर वापरतो त्याप्रमाणे तो दिवस १ मार्च येतो. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या. पंचांग कोणते हे न सांगितल्यामुळे दोन जाणती माणसे एकमेकांना खोटे ठरवू शकतात. पानाच्या तळाशी दोन शब्द जास्त लिहिले असते तर केवढे भांडण वाचते!

ज्यांचे कागद उरले नाहीत

राजे, पेशवे, वकील यांचे कागद उरले. गिरणीत सूत कातणाऱ्याचे, मांगवाड्यात राहणाऱ्याचे, शेतावर राबणाऱ्या बाईचे काय उरले? माझ्या अंतःकरणाला लागलेला प्रश्न हा आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. मग आठवड्याची सुट्टी मिळाली. आता पुष्कळ लेखांत असे असते की १० जून १८९० ला रविवारची पहिली सुट्टी झाली. जंत्री उघडून पाहावी. त्या दिवशी मंगळवार होता. म्हणजे १० जून ही निर्णयाची तारीख असू शकते, सुट्टीची नव्हे. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, तिसऱ्याने दुसऱ्याचा आधार दिला. मूळ कागदापाशी कोणी गेलेच नाही. लोखंड्यांचे ‘दीनबंधु’ पत्र हा या काळाचा मोठा साक्षीदार, परंतु त्याचे सर्व अंक आज एका ठिकाणी मिळत नाहीत. सरकारी कमिशनांचे अहवाल मात्र नीट बांधून ठेवलेले आहेत. त्यामुळे कामगाराचे बोलणेदेखील साहेबाच्या अहवालातून उचलावे लागते.

याहून विलक्षण प्रकार मीरत खटल्याचा. १९२८ साली मुंबईच्या दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. २० मार्च १९२९ रोजी देशभर पुढाऱ्यांना अटक झाली. त्यांत डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर होते आणि गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष, स्वतः गिरणीत राबलेले अर्जुन आळवे होते. पोलिसांनी युनियनच्या कचेऱ्यांतून पत्रे, हस्तपत्रके, सभांची टिपणे उचलून नेली आणि पुरावा म्हणून त्यांना क्रमांक घातले. शिक्षा १९३३ साली सुनावल्या गेल्या, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्या पुष्कळ कमी केल्या. परंतु कागद राहिले. आज त्या संपाचा इतिहास लिहिणारा संशोधक तळटीपेत मीरत खटल्याचा निशाणी क्रमांक देतो! आमची चळवळ मोडण्यासाठी ज्यांनी कागद नेले, त्यांच्याच कपाटात आमचा इतिहास सुरक्षित राहिला. यात आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी, हे श्रोत्यांनीच ठरवावे. मला वाटते, लाज वाटावी आणि तिच्यातून शहाणपण यावे.

संदर्भ हे दुबळ्याचे शस्त्र कसे होते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवले. ज्या समाजाला वेद ऐकण्याचीही बंदी होती, त्या समाजातला हा विद्वान १९४६ साली शूद्रांच्या मूळाविषयी ग्रंथ लिहितो, तो जोतीराव फुल्यांना अर्पण करतो आणि पानोपानी श्रुति-स्मृतींतील अध्याय-श्लोकांचे आधार देतो. ज्या नाशिकात १९३० साली काळाराम मंदिराचे दार उघडले नाही, त्या जिल्ह्यातल्या लोकांना याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. देवळाचे दार अडवता येते. नेमका संदर्भ देणाऱ्याचा प्रश्न अडवता येत नाही.

आजच्या विद्यार्थ्यासाठी चार गोष्टी

आता आपल्या गावातली मुलेमुली एम. ए., पीएच. डी. करतात, नियतकालिकांना लेख पाठवतात. तेथे त्यांना नियमांचे चोपडे हातात मिळते आणि ती बावरतात. घाबरण्याचे कारण नाही. पद्धती मुख्यतः तीन आहेत. पानाच्या तळाशी टीप देणे ही इतिहासकारांची आवडती. शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याचे १९०६ सालचे नियमपुस्तक तिचा मोठा आधार. मजकुरातच कंसात लेखकाचे नाव व वर्ष देणे ही दुसरी. हार्वर्डच्या मार्क नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ साली तिचा प्रथम वापर केला. नुसता क्रमांक घालून शेवटी यादी देणे ही तिसरी. वैद्यकीय संपादकांनी १९७८ साली व्हँकूव्हर शहरी जमून ती ठरवली. स्वल्पविराम कोठे, तिरपे अक्षर कोठे, हे प्रत्येक नियतकालिक आपापले ठरवते. ते सांगेल तसे करावे, आणि पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकच रीत पाळावी. अर्धी यादी एका पद्धतीची आणि अर्धी दुसऱ्या पद्धतीची असली की संपादक लेख परत धाडतो, आणि ते योग्यच आहे.

पुस्तक असेल तर लेखक, नाव, आवृत्ती, प्रकाशक, गाव, वर्ष, पृष्ठ. लेख असेल तर नियतकालिक, वर्ष, अंक, पृष्ठे. कागद असेल तर तो कोठे ठेवला आहे, दप्तर, रुमाल, क्रमांक, तारीख. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेले असेल तर त्याचे नाव त्याच्या संमतीने, गाव आणि ऐकल्याचा दिवस. पुस्तक हातात असतानाच हे टिपून घ्यावे. मागाहून एका पृष्ठांकासाठी पुन्हा पुण्याची एस्टी धरावी लागते.

मराठीच्या काही खास अडचणी आहेत. वि. का. राजवाडे यादीत ‘राजवाडे’ म्हणून ‘र’ खाली जातील. पण ज्ञानेश्वर, तुकाराम यांना आडनाव लावू नये. जुन्या पुस्तकावर शक छापला असेल तर तो तसाच द्यावा आणि कंसात इसवी सन घालावा. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर या एकच बाई. पुस्तकावर जे नाव छापले ते द्यावे आणि दुसऱ्या नावाखाली खूण करावी. पुस्तक कोणाचे, केव्हाचे, हे कळत नसेल तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडावी. १८०० पासून १९५० पर्यंतची मराठी पुस्तके या एका माणसाच्या चिकाटीमुळे शोधता येतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे: जे आपण स्वतः पाहिले नाही त्याचा आधार आपण पाहिल्यासारखा देऊ नये. राजवाड्यांचे पत्र सरदेसायांच्या पुस्तकात वाचले असेल तर "सरदेसाई यांनी दिल्याप्रमाणे" असे लिहावे. यात कमीपणा नाही. वा. सी. बेंद्रे यांनी १९२८ साली ‘साधन-चिकित्सा’ लिहिली ती साधन पारखल्यावाचून वापरू नये हे सांगण्यासाठीच. आज तर यंत्र विचारताक्षणी सुबक यादी तयार करून देते आणि तिच्यात कधी कधी न लिहिलेली पुस्तके असतात. २०२३ साली न्यूयॉर्कच्या वकिलांनी असे यंत्राने रचलेले खोटे निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलरांचा दंड भरला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली उचलेगिरीविरुद्ध नियम केले, तेही याच कारणाने. दुसऱ्याच्या श्रमाचे फळ नाव न सांगता घेणे याला कारखान्यात जे म्हणतात तेच ग्रंथालयातही म्हटले पाहिजे.

गावाचे दप्तर

ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या दोन्ही वेळी गोदामाईचे पाणी आपल्या बाजारपेठेत शिरले. भांडीकुंडी, धान्य, दुकानातला माल याचे पंचनामे झाले. कागदांचा पंचनामा कोणी करीत नाही. सोसायटीची जुनी इतिवृत्ते, शाळेचे दाखल-खारीज, मजुरांच्या सभांची हस्तपत्रके, आजोबांची पत्रे यांतले काही एकदा भिजले की त्याची दुसरी प्रत जगात नसते.

म्हणून माझी विनंती आहे. या वाचनप्रेमी मंडळींनी घरोघरचे जुने कागद पाहावेत. ज्यांचे आहेत त्यांच्याकडेच राहू द्यावेत, पण त्यांची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येकाला क्रमांक घालावा, कोणाकडे मिळाला आणि केव्हा मिळाला ते वहीत लिहावे, आणि वहीची एक प्रत पुराच्या रेषेच्या वर ठेवावी. राजवाड्यांपाशी कॅमेरा नव्हता. आज तो प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे.

उद्या कोणी या भागातल्या शेतकऱ्याचा, मजुराचा, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईचा इतिहास लिहील. त्याला कोणी तरी विचारील, "आधार कोठे आहे?" त्या वेळी उत्तर पोलिसांच्या कपाटातून काढावे लागू नये. ते सायखेड्याच्या वहीत, क्रमांकासह, सापडावे.